नियम मोडणाऱ्या बायका

शेंद्र्याच्या पुढं, कंपन्यांची कुंपणं संपतात तिथं एका मोकळ्या प्लॉटवर पत्र्याचं मोठं शेड उभं होतं. दर मंगळवारी तिथं पाय ठेवायला जागा नसायची. एप्रिलच्या भर उन्हात रिक्षा, मोटारसायकली, भाड्याच्या जीपगाड्या येऊन थांबायच्या आणि त्यांतून कमरेवर हात ठेवून, सांभाळून सांभाळून पोटुशा बाया उतरायच्या. साडीतल्या, ड्रेसमधल्या, बुरख्यातल्या. एरवी आमच्या शहरात कोण कुणाशेजारी राहतं याची चर्चा फार. फसायला मात्र सगळ्या एकाच सतरंजीवर बसायच्या.

"बोला, कुलूपनाथ महाराज की..."

"जय!"

महाराज स्टेजवर बसले होते. गळ्यात रुद्राक्ष आणि त्याच्या जोडीला पितळी कुलपांची माळ. खांद्यावर अर्धा हिरवा, अर्धा भगवा शेला, म्हणजे कुणालाच परकं वाटायला नको. हे मूळचे कडूबा. पूर्वी बसस्टँडजवळ छत्री लावून कुलपं दुरुस्त करायचे, डुप्लिकेट किल्ल्या बनवून द्यायचे. धंदा तोच ठेवला, गिऱ्हाईक तेवढं बदललं.

"मायमाउल्यांनो," महाराजांनी माइक हातात घेतला, "घरातलं सोनं चोरीला जातं, ते कुठून?"

"दारातून!"

"मंग पोटातलं सोनं जातं, ते कुठून?"

"दारातून!"

"डॉक्टर काय करतो? गोळी देतो! आरं, दार सताड उघडं अन् हा घरात गोळ्या वाटत बसलाय! दाराला काय लागतं?"

"कुलूप!" शेड दणाणलं.

एक बाई पुढं आली. सेवेकरणीनं तिच्या कमरेला लाल दोरा बांधला, त्यात करंगळीएवढं पितळी कुलूप अडकवलं आणि खट्‌कन दाबून बंद केलं. महाराजांनी झेंडूच्या फुलांनी झाकलेल्या कलशात चांदीचा चिमटा घातला आणि एक लखलखीत किल्ली बाहेर काढली, देवीची म्हणे. ती तीनदा कुलपाला टेकवली आणि वाफाळत्या तीर्थाच्या वाटीत सोडून दिली. तीर्थ म्हणजे दूध-हळद घातलेलं गरम पाणी. मग मंत्र. मंत्र संपल्यावर महाराजांनी चिमटा वाटीत गरगर फिरवून दाखवला. किल्ली नव्हती.

"किल्लीच राह्यली नाय! आता यम जरी आला तरी उघडंल कशानं?"

टाळ्या, हुंदके, नारळ. माझ्या शेजारी बसलेल्या पारूबाई नावाच्या म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. "लई मोठा माणूस हाय," ती मला म्हणाली.

"आता नियम ऐका," महाराजांचा आवाज खाली आला. "एकदा का कुलूप लागलं, की त्याच्या खाली कुणाचा हात नाय, हत्यार नाय, सुई नाय. डॉक्टरनं हात लावला की कुलूप बाटलं. मंग लेकरू गेलं तर माझ्या दारात यायचं नाय. ज्यानं नियम मोडला, त्यानं आपल्या हातानं पाळणा मोडला."

हा नियम ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी पुंडलिकनगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. अशा शेडमध्ये मी एरवी पाऊल टाकलं नसतं. पण माझी धाकटी जाऊ प्रेरणा माझ्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. पोटात जुळं, पाचवा महिना सरत आलेला, आणि त्या घटकेला खरं तर ती दवाखान्याच्या खाटेवर असायला हवी होती.

त्याच दिवशी सकाळी आम्ही आमच्या गारखेड्यातल्याच डॉ. निलोफर यांच्याकडं गेलो होतो. प्रेरणाचं पहिलं बाळ असंच पाचव्या महिन्यात गेलं होतं. ना कळा, ना ताप. दुपारी कपडे वाळत घालताना पाणी गेलं आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. म्हणून या खेपेला डॉक्टरीणबाई तिला दर पंधरवड्याला बोलवत होत्या. त्या दिवशी त्यांनी सोनोग्राफी केली, मग आतून तपासलं आणि हात धुऊन आमच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"पिशवीचं तोंड बाळंतपणापर्यंत घट्ट मिटलेलं राहायला हवं," त्या म्हणाल्या. "काहींचं ते कमकुवत असतं. वजन वाढलं की कळा न येताच उघडायला लागतं. प्रेरणाचं उघडायला लागलंय. आजच ॲडमिट करा. कळा नाहीत, इन्फेक्शन नाही, याची खात्री करून घेते आणि उद्या सकाळी पिशवीच्या तोंडाला टाका घालते."

"डॉक्टर, जुळ्यांना टाका घालत नाहीत असं मोबाइलवर वाचलं मी," सुदर्शनभाऊजी म्हणाले. सुदर्शनभाऊजी म्हणजे माझे दीर, प्रेरणाचे यजमान.

"बरोबर वाचलंत. जुळं आहे एवढ्यावरून मी टाका घालत नाही. नुसतं तोंड आखूड दिसलं असतं तरी आधी औषधाचा विचार केला असता. पण एकदा गेलेलं आहे, आणि आता तपासताना तोंड उघडलेलं हाताला लागतंय. अशा बायकांना टाक्याचा उपयोग होतो असं दिसून आलंय, जुळ्यांतसुद्धा."

"नुसतं पडून राह्यलं तर?" आमच्या सासूबाई सारजाबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, विचारलं.

"नुसतं पडून राहिल्यानं उघडलेलं तोंड मिटत नाही, मावशी."

"मंग टाक्यानं दोन्ही लेकरं वाचतील ना?"

"वाचण्याची शक्यता वाढते. खात्री मी देणार नाही. टाका घालताना पाणी जाऊ शकतं, नंतर कळा सुरू होऊ शकतात. पण वाट बघत बसण्यात धोका जास्त आहे."

एवढं खरं, एवढं स्वच्छ बोलणं मी फार दिवसांनी ऐकलं होतं. पण आत्याबाईंना त्यातला एकच शब्द ऐकू आला, खात्री नाही. बाहेर येताच त्या म्हणाल्या, "शेंद्र्याचा महाराज खात्री देतो. आज मंगळवारच हाय. आधी कुलूप घालू, मंग बघू टाक्याचं."

मी भांडले. रस्त्यावर उभी राहून भांडले. पण सुदर्शनभाऊजींनी रिक्षाला हात केला होता आणि त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता. पहिल्या खेपेला ते इवलंसं गाठोडं त्यांनीच हातात नेलं होतं. "वहिनी, तासाभराचं काम हाय," ते म्हणाले. "तिथून सरळ दवाखान्यातच नेतो." तिथला नियम त्यांना तेव्हा ठाऊक नव्हता.

तर असे आम्ही त्या सतरंजीवर येऊन पोचलो होतो. स्टेजवर आता 'पुरावा' आणला गेला. सायली नावाची पोरगी, काखेत दोन गुटगुटीत जुळ्या मुली. माइक तिच्या सासूकडं, वच्छलाबाईंकडं. "पहिलं पाचव्यात गेलं! दुसऱ्या बारीला जुळं! महाराजांनी कुलूप घातलं अन् ह्या बघा माझ्या लक्ष्म्या!" लोक उभे राहिले. पुराव्याला मात्र कुणी एक शब्द बोलू दिला नाही.

मुली रडायला लागल्या तशी सायली पाजायला म्हणून खाली उतरली आणि पडद्याच्या आडोशाला, आमच्या बाजूला येऊन बसली. प्रेरणा तिच्याकडं टक लावून बघत होती.

"तुमचंबी पाचव्यातच गेलं व्हतं?" प्रेरणानं विचारलं.

"व्हय."

"तपासताना तोंड उघडलं म्हणाले व्हते?"

सायलीनं चटकन वर बघितलं. असा प्रश्न त्या शेडमध्ये तिला कुणीच विचारला नसणार. तिनं स्टेजकडं नजर टाकली, सासू गुंतलेली होती. "टाका घातला व्हता मला," ती पुटपुटली. "माहेरी गेले तवा आईनं नेलं. सासूला ठाऊक नाय. मंग सासरी आले तर ह्यांनी इथं आणून कुलूप घातलं."

"अन् नियम?"

"नियम तर कुलूप लागायच्या आधीच मोडला व्हता. नंतरबी तपासणीला जातच व्हते. घरी सांगायचे, दाढ दुखायलीय." तिला हसू आलं आणि लगेच मावळलं. "नवव्या महिन्यात टाका काढला, मंग बाळंत झाले. सासू म्हणती कुलपानं झालं. मी काय बोलू? अन् कुणास ठाऊक ताई, कुलपाचंबी काही असंल."

"तुमच्यासंगं कुलूप घातलेली दुसरी कुणी हाय का वळखीची?" मी विचारलं.

"गल्लीतली हाय एक. तिनं समदा नियम पाळला. डॉक्टरचं तोंडबी बघितलं नाय."

"मग?"

सायलीनं मुलीला दुसऱ्या बाजूला घेतलं. "गेलं तिचं. ती आता माझ्याशी बोलत नाय."

महाराजांची सगळी करामत त्या दोन वाक्यांत होती. ज्यांनी नियम पाळला, त्या रित्या कुशीनं घरी गेल्या आणि परत आल्या तरी शरमेनं मागं गप्प बसल्या. ज्यांनी चोरून नियम मोडला, त्या लेकरं घेऊन स्टेजवर बसल्या. कुलूप घातलं नसतं तरी जिचे दिवस सुखरूप भरले असते, अशीही प्रत्येक बाई पेढे घेऊन इथंच येणार. पुरावे आपोआप जमत होते, महाराजांना बोटसुद्धा हलवावं लागत नव्हतं.

प्रेरणा नवऱ्याकडं वळली. सुदर्शनभाऊजी एका कंपनीत क्वालिटी विभागात आहेत. तिथं केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवतात, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे.

"अहो, ऐकलं ना आत्ता? मला एक सांगा. तुमच्या कंपनीत कुणी पास झालेलेच पार्ट टेबलावर मांडले अन् रिजेक्ट झालेले मागच्या दारानं भंगारात टाकले, तर तुम्ही सही कराल का?"

"तसं कसं करीन?"

"मंग हितं काय करायलात?"

त्यांनी मान खाली घातली. "मला भ्या वाटायलंय, प्रेरणा. डॉक्टरीण म्हणती खात्री नाय. हा म्हणतो खात्री हाय."

"ज्यानं खात्री दिली, त्यानं मला कितवा महिना हे तरी इचारलं का?"

मी मात्र इतका वेळ त्या कलशाकडं बघत होते. बेचाळीसच्या उन्हात, पत्र्याखाली, सगळ्यांचा जीव कासावीस झालेला, आणि तो तांब्याचा कलश बाहेरून घामानं डबडबलेला. म्हणजे आत बर्फ. देवीच्या किल्लीला बर्फ कशाला लागतो? आणि महाराज किल्ली कुलपात घालून फिरवत का नाहीत? हाताऐवजी चिमटा का? गेल्या वर्षी शाळेच्या प्रदर्शनात आठवीच्या पोरांना दाखवायला मी एक धातू ऑनलाइन मागवला होता. मी प्रेरणाच्या कानात सांगितलं. तिनं होकारार्थी मान डोलावली.

"गारखेड्याची जुळ्याची बाई, पुढं या!" स्टेजवरून प्रेरणाला पुकारा झाला.

सुदर्शनभाऊजींनी तिची खुर्चीच उचलून स्टेजजवळ ठेवली. सेवेकरीण दोरा घेऊन आली. महाराजांनी चिमट्यानं किल्ली काढली, आणि प्रेरणानं हात लांबवून ती चिमट्यातून काढून घेतली. मूठ घट्ट मिटली.

"ए पोरी! सोड! देवीची किल्ली हाय ती!"

"असू द्या. माझं कुलूप हाय, तर किल्ली माझ्याजवळ राहू द्या."

दोन सेवेकरी धावले आणि जागच्या जागी घुटमळले. हजार माणसांसमोर गर्भारणीच्या हाताशी झोंबायची कुणाची छाती? महाराजांनी माइक बंद करायची खूण केली, पण वच्छलाबाईंना दिलेला दुसरा माइक चालूच होता आणि तो मी कधीच त्यांच्या हातातून घेतला होता.

"महाराज," मी म्हणाले, "लोकांना सांगा ना, ही किल्ली हाताला लागली तर काय होतं?"

"भस्म होतंय! हात जळतोय!"

"बघू या, जळतोय का."

महाराज शाप देत राहिले, आत्याबाई "पोरी, सोड गं, पाया पडते" म्हणून रडत राहिल्या, आणि प्रेरणा मूठ छातीशी धरून शांत बसून राहिली. मग तिच्या बोटांच्या फटीतून रुपेरी थेंब ओघळला. तिनं मूठ उघडली. किल्ली नव्हती. तळहातावर पाऱ्यासारखं चकचकीत पाणी डुलत होतं.

कुणीतरी किंचाळलं, "देवी आली! बाईच्या अंगात देवी आली!" आणि अर्धी सतरंजी प्रेरणाच्या पायाशी वाकली! मी कपाळावर हात मारला.

"उठा!" प्रेरणा ओरडली. "देवीबिवी काय नाय! माझ्या हाताची ऊब हाय ही! तुमच्या हातालाबी हायच की!"

मी फुलं बाजूला सारून कलशात हात घातला. आत बर्फाचे खडे आणि पाचसहा किल्ल्या. एक पारूबाईंच्या हातात दिली. "मूठ मिटा, आजी." म्हातारीनं भीत भीत मिटली आणि थोड्या वेळानं उघडली. "आगं माय! माझ्याबी हातात पाणी झालं!" एक सुदर्शनभाऊजींना दिली, एक बुरख्यातल्या एका बाईला. सगळीकडं पाणीच.

"ह्याला गॅलियम म्हणतात," मी माइकवर सांगितलं. "हा धातूच आहे, पण तीसेक अंशाला वितळतो. म्हणून बर्फात ठेवायचा, चिमट्यानं धरायचा. गरम तीर्थात टाकला की बुडाशी गोळा होतो, आणि दूध-हळदीमुळं तुम्हाला दिसत नाही. कुलूप तर नुसतं दाबून लागतं, किल्लीचं काम उरतंच कुठं?" तीर्थाची वाटी मी सतरंजीच्या कडेला हळूच ओतली. तळाशी रुपेरी गोळा निघाला.

महाराज उभे राहिले. डोळे लाल. "हसलीस कुलपाला? दोन्ही जातील तुझी! दोन्ही!"

प्रेरणाचा चेहरा पांढरा पडला. पण तिनं मान वर केली.

"जातील कदाचित. डॉक्टरीणबाईंनी ते मला सकाळीच सांगितलंय, तुम्ही काय नवीन सांगायलात? पण गेली तरी तुमच्या शापानं जाणार नायत, अन् राह्यली तरी तुमच्या कुलपानं राहणार नायत."

तेवढ्यात सायली पुढं आली. दोन्ही मुली काखेत. "मला टाका घातला व्हता," ती माइकमध्ये म्हणाली. वच्छलाबाई तिचा पदर ओढत राहिल्या, पण ती थांबली नाही. "ह्या पोरी टाक्यावर टिकल्या. मी नियम मोडला व्हता."

मागून एक बाई उठली. "माझं गेलं," ती म्हणाली. "म्या पाळला व्हता नियम. पाणी जायला लागलं तरी दवाखान्यात नाय गेले, कुलूप बाटंल म्हणून." मग दुसरी उठली. मग बुरख्यातली ती बाई, "मेरा भी गया. मला म्हणाले तूच काहीतरी केलं असशील." एकेक बाई उठत गेली. आजवर ज्यांना कुणी स्टेजवर बोलावलं नव्हतं, त्या जागच्या जागी उभ्या राहून बोलू लागल्या. मला रडू आवरेना.

आम्ही तिथं थांबलो नाही. सुदर्शनभाऊजी खुर्चीसकट प्रेरणाला रिक्षापर्यंत घेऊन गेले. आत्याबाई शिव्या देत, रडत, पण आमच्याच रिक्षात बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टाका घातला गेला. पुढं त्या बायकांपैकी काहींनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. शेड बंद झालं. महाराज आता दुसऱ्या कुठल्यातरी जिल्ह्यात आहेत म्हणतात, आणि मला त्याचं आश्चर्य वाटत नाही.

प्रेरणाची बाळं आठव्या महिन्यात झाली, एक मुलगा, एक मुलगी. मुलगा अगदीच बारीक, बरेच दिवस काचेच्या पेटीत होता. आता दोघं मिळून घर डोक्यावर घेतात. आत्याबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "टाका घातला की जुळी वाचत्यातच!" एकदा प्रेरणानं त्यांना सगळ्यांसमोर थांबवलं. "वाचत्यातच असं नका म्हणू, आत्याबाई. ज्यांना टाका घालूनबी गेली, त्यांनी कुठं तोंड लपवायचं? मला कुणाच्या स्टेजवर बसायचं नाय, डॉक्टरच्याबी नाय." त्या दिवशी मला माझ्या जावेचा अभिमान वाटला.

म्हणून माझं मागणं साधं आहे. कुणी तुम्हाला वाचलेली माणसं दाखवली, तर न वाचलेली कुठं आहेत, हे विचारा. जो तपासायला नको म्हणतो, दुसऱ्याला विचारू नको म्हणतो, त्याच्यासमोरून उठा. उठायला भीती वाटेल. वाटू द्या, पण उठा.

परवा शेंद्र्याकडची एक बाई घर शोधत आली. हातात नारळ. प्रेरणाच्या पायांशी वाकायला लागली, तसं प्रेरणानं तिला खांद्याला धरून वर उठवलं.

"तुमच्या हातात किल्ली पाणी झाली, म्या सोता बघितलं," बाई म्हणाली. "माझ्या पोटावरून एकदा हात फिरवा."

"कितवा महिना?"

"पाचवा लागलाय."

"आधी कधी गेलंय का?"

"दोनदा."

"कुणी तपासलं?"

बाईनं नकारार्थी मान हलवली. प्रेरणानं नारळ तिच्याच पिशवीत परत टाकला, लेकरं आत्याबाईंच्या मांडीवर दिली आणि पायांत चपला सरकवल्या.

"कुठं जायचं?" बाईनं घाबरून विचारलं.

"डॉक्टरीणबाईंकडं."

"तिथं लेकरू वाचंल ना? खात्री हाय?"

"नाय," प्रेरणा म्हणाली. "खात्री देणाऱ्याकडूनच आपण दोघी आलोत. चल."